मैलकुलीची झाडं

परंड्याहून बार्शीला जाताना डाव्या हाताला एक चिंच लागते. तिच्या खोडावर चुन्या-गेरूचे पट्टे आहेत आणि पट्ट्यांच्या खाली, खोडाला आलेल्या गाठीच्या खोबणीत, एक जुना आकडा आहे. पट्टे दर काही वर्षांनी नव्याने मारतात, आकडेही बदलतात. पण खोबणीतल्या या आकड्यापर्यंत नव्या रंगाचा कुंचला कधी पोचला नाही. तो आकडा टाकला तेव्हा मी तिथे उभी होते. माझ्या हातात अण्णांच्या भाकरीचं फडकं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या रस्त्यावर मैलकुली होते.

मैलकुली हा शब्द आता नव्या पोरांना सांगावा लागतो. रस्त्याचा ठरावीक टप्पा एका माणसाच्या हवाली असायचा. खड्डे मुरमाने भरायचे, पावसाआधी बाजूचे चर उकरायचे, रस्त्यावर झुकलेली बाभळीची काटेरी फांदी छाटायची आणि झाडं जगवायची. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी अण्णा कामाला लागले. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. मी मात्र जीवशास्त्र शिकले, पस्तीस वर्षं शिकवलं, आणि आज उन्हाने भाजणाऱ्या गावात कोणतं झाड लावावं असं मला कुणी विचारलं, तर पुस्तकाच्या आधी मला त्या टप्प्यावरचे अण्णा आठवतात.

रोपं यायची ती मिसळ यायची. अण्णा ती एका बाजूला ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे आणि आधी नुसते चालायचे. काळी जमीन उन्हाळ्यात कुठे भेगाळते, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, मुरूम कुठे वर आला आहे, ओढ्याची ओल कुठपर्यंत येते, हे पायाने बघायचे. मुरमाड चढावर लिंब. आमच्याकडे कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात. ओढ्याच्या मोरीपाशी करंज आणि जांभूळ. सपाट, खोल मातीच्या जागी चिंच. गाडीवाले जिथे बैल सोडून भाकरी खायचे, तिथे वड. मोरीच्या दगडी कामाजवळ पिंपळ किंवा उंबर कधीच नाही. "त्याची मुळी दगडात पाचर मारती, बाई," असं ते म्हणायचे. परंड्याच्या माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. आमच्या भुईकोटाच्या बुरुजांतून पाखरांनी टाकलेल्या बियांचे पिंपळ उगवतात आणि चिरे कसे सरकतात, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत.

वड ते रोपाने लावत नसत. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी पहिल्या पावसानंतर खड्ड्यात रोवायची आणि वरच्या कापाला शेणमातीचा गोळा थापायचा, म्हणजे तो सुकत नाही. रोप शेळीच्या तोंडी लागतं, पण पुरुषभर उंच फांदीचा शेंडा शेळीला गाठता येत नाही. बाकीच्या रोपांना बाभळीच्या काट्यांचा वेढा असायचा. पहिले दोन उन्हाळे पाणी घालायचं, तेही रोज थोडं थोडं नाही. आठ दिवसांनी, पण भरपूर, म्हणजे मुळी खाली जाते. खोडाशेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरायचं आणि भोकात चिंधीची वात घालायची. "झाड लावणं म्हंजी बैल घेण्यासारखं हाय. घेताना सगळे येत्यात, वैरण एकालाच टाकावी लागती." हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल!

ही निवड अण्णांनी शोधलेली नव्हती. ती फार जुनी आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खणल्या, असा उल्लेख आहे. वड, आंबा आणि विहीर एका दमात सांगितले आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाण्याची सोय वेगळी आणि झाडं वेगळी, अशी खात्यांची वाटणी तेव्हा झालेली नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५च्या सुमाराच्या आज्ञापत्रात तर आरमाराच्या लाकडाचा विषय चालू असताना आंबा-फणसांना हात लावू नका, असं बजावलं आहे. कारणही दिलं आहे: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. राज्याला जहाजं हवी असतानाही झाडामागची वर्षं आणि झाड वाढवणाऱ्याचं दुःख हिशेबात धरणारा तो कागद आहे. आजही मला त्याच्याहून शहाणा सरकारी कागद माहीत नाही.

आमच्या परंड्याला तर हिरवाई नसल्याचा अनुभव इतिहासात चांगलाच नोंदलेला आहे. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला परंड्यातच गादीवर बसवलं. काही काळ हे गाव राजधानी होतं. दुहेरी तट, खंदक, तोफा, सगळं होतं. अहमदनगरात १५४९ साली ओतलेली सुमारे ५५ टनांची मलिक-ए-मैदान तोफ याच किल्ल्यात होती. १६३२मध्ये ती विजापूरला नेली आणि आजही तिथे बुरुजावर आहे. शाळेच्या सहलीत मुलांना तोफेची गोष्ट आवडते. मी त्यांना दुसरी गोष्ट सांगायचे. १६३० ते १६३२ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ, तुकोबांच्या घरावरही आलेला. त्याच काळात शाहजहानच्या फौजेने, आजमखानाच्या हाताखाली, परंड्याला वेढा घातला. तो तोफांपुढे मोडला नाही. जनावरांना चारा मिळेना म्हणून फौजेला वेढा उठवावा लागला. तेव्हा गाव वाचलं हे खरं. पण फौजेच्या जनावरांना घासभर चारा मिळू नये, इतकं आजूबाजूचं रान उघडं पडलं होतं, हेही तितकंच खरं. आपली जमीन अशी आहे. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवलेला, वैशाखात पारा चाळिशीपार, आणि तीन-चार वर्षांआड एखादं साल कोरडं. इथे झाड निवडायचं ते चांगल्या सालासाठी नाही, कोरड्या सालासाठी.

आता चिंचेकडे वळते, कारण या रस्त्याचा खरा धनी तीच होती.

चिंच शेतकऱ्याला बांधावर नको असते. तिच्या दाट सावलीत पीक येत नाही. घरापुढेही नको, कारण चिंचेखाली निजू नये अशी समजूत आहे. मग उरतो रस्ता. रस्त्याला तिचे सगळे गुण लागू पडतात. मुळं खोल जातात, लाकूड चिवट असतं, वावटळीत फांदी सहज मोडत नाही, जुनी पानं झडतात तोवर नवी पालवी येते, आणि ती दोनशे वर्षंही जगते. शिवाय ती स्वतःचा खर्च काढते. रस्त्याकडेच्या चिंचांचा दरवर्षी लिलाव व्हायचा. बोली लावणारे झाडाखाली उभे राहून वर बघत गाभुळलेल्या चिंचांचा अंदाज बांधायचे. मग झोडणारे यायचे, वेचणाऱ्या बाया यायच्या, आणि माल बार्शीला जायचा. बार्शीची चिंचेची बाजारपेठ मोठी. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका ठोकून बाहेर काढायचा. उन्हाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा हेच काम बायांच्या हाताला असायचं. माझ्या आईच्या बोटांची कातडी त्या आंबटाने सोलून निघालेली मी पाहिली आहे. त्याच पैशातून माझी वह्या-पुस्तकं आली. चिंचोकासुद्धा वाया जात नसे. त्याची खळ सुताला लागते.

बार्शीची ओढ या रस्त्याला पूर्वीपासून आहे. परंडा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या. बार्शी लाइट रेल्वे १८९७ला सुरू झाली आणि परंड्याकडच्या मालाला अरुंद रुळावरून कुर्डुवाडी गाठता येऊ लागली. सरहद्दीवर निजामाचे करोडगिरीचे नाके असत. जकातीसाठी गाड्या थांबायच्या, बैल तासन्‌तास जुवाखाली. गाडी थांबते तिथे सावली लागते, हे सांगायला कोणत्याही अभ्यासकाची गरज नव्हती. पायी चालणारा, बैल आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई ही रस्त्याची गिऱ्हाइकं होती. झाड त्यांच्यासाठी निवडलं जायचं.

मोटारी वाढल्या आणि हे गिऱ्हाईकच बदललं. छताखाली बसलेल्या माणसाला सावलीची गरज नव्हती, त्याला खिडकीतून हिरवं दिसलं की पुरे. माझ्या मते झाडांची निवड बिघडायला इथूनच सुरुवात झाली.

त्याआधी १९७२चा दुष्काळ आला. मी तेव्हा चौदा वर्षांची. रस्त्यावर खडी फोडायला अख्खी गावं उतरली होती. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. जनावरांसाठी लोक लिंबावर, वडावर, पिंपळावर चढून पाला ओरबाडत होते. अण्णा मैलकुली, झाडं राखायची त्यांची नोकरी. पण त्यांनी एकालाही हटकलं नाही. फक्त एक विनवणी करायचे: शेंडा सोडा, खांदी बुडातून तोडू नका. पुढच्या पावसाळ्यात त्यातली बहुतेक झाडं फुटली. कोरड्या सालात जनावराला घास देऊन पुन्हा उभं राहणारं झाड, हीच त्यांची निवडीची कसोटी होती.

१९८२मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण संचालनालय सुरू झालं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. काम मोठं होतं, हेतू चांगला होता आणि रोपवाटिकांमुळे कितीतरी बायांना रोहयोवर मजुरी मिळाली. पण रोपांच्या यादीत भराभर वाढणाऱ्या झाडांची गर्दी झाली. नीलगिरी, सुबाभूळ, पुढे गिरिपुष्प. सुबाभळीचा प्रसार उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ'ने वैरणीसाठी केला. वैरण म्हणून ती उत्तमच आहे, पण रस्त्याकडेला तिच्या पातळ पानांची सावली ती किती! आणि नीलगिरीचा 'गुरं तोंड लावत नाहीत' हा तर मोठा गुण ठरला. राखणदाराची मजुरी वाचवायची तर असंच झाड हवं. अण्णा तेव्हा निवृत्तीला आले होते. नीलगिरीची रांग बघून एवढंच म्हणाले, "हिच्याखाली बैल बसंल का?" नीलगिरीची पानं काठाने खाली लोंबतात, ऊन तसंच जमिनीवर येतं. बैल बसला नाहीच.

शाळेच्या पटांगणात गुलमोहर होता. मलाही तो फार आवडायचा, अजूनही आवडतो. मादागास्करचं हे झाड एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आलं आणि प्रत्येक शाळेत, कचेरीत, बसस्थानकात पोचलं. एका वर्षी मी नववीच्या मुलांना एक वही करायला लावली. गावातली काही झाडं ठरवून दिली आणि प्रत्येकाने आपल्या झाडाची पानं कधी झडतात, पालवी कधी येते, सावली कधी दाट होते, ते दर आठवड्याला लिहायचं. पहिल्या वर्षी मुलांना कंटाळा आला. पण ती वही पुढच्या तुकड्यांनी चालवली आणि तिच्यातून मी पदवीला शिकले नव्हते ते शिकले.

लिंब माघ-फाल्गुनात पानं टाकतो आणि पाडव्याला, आपण त्याचा मोहोर गुळाबरोबर खातो तेव्हा, नव्या पानांनी भरलेला असतो. करंजाचंही तसंच, चैत्रात इतका कोवळा हिरवा की डोळे निवतात. वडाची पानं गळतात न गळतात तोच तांबूस पालवी येते. शिरीष हिवाळाभर वाळलेल्या शेंगा वाजवत उभा असतो, पण ऊन तापेपर्यंत सावरतो. आणि गुलमोहर? चैत्रात तो नागडा. वैशाखात फुलतो, भरगच्च पानं येईतो मृगाचा पाऊस तोंडावर. ज्या दोन महिन्यांसाठी सावली हवी, नेमकी त्याच दोन महिन्यांत ती नाही. आमच्या शाळेत दोन हापसे होते, एक गुलमोहराखाली, एक लिंबाखाली. एप्रिलच्या दुपारी सगळी पोरं लिंबाखालच्या हापशावर रांग लावायची. गुलमोहराखालचा दांडा हाताला चटका द्यायचा.

एवढं बघितल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले, आणि ती माझी चूक इथे लिहिली पाहिजे. शाळेची हरित सेना माझ्याकडे आली तेव्हा मी सरसकट लिंब लावायला लावले. आमच्या गल्लीत तर दुतर्फा लिंबच लिंब. ते जगले, वाढले, मी खूश होते. मग एका पावसाळ्यानंतर शेंडे करपायला लागले. तपकिरी पडलेला पाला फांदीला तसाच चिकटलेला, एका झाडावरून दुसऱ्यावर. लिंबाची ही फांदीमर १९९०च्या दशकात डेहराडूनकडे पहिल्यांदा नोंदली गेली, आणि २०२१मध्ये शेजारच्या तेलंगणात मोठ्या प्रमाणावर पसरली. त्यातले बरेच लिंब पुन्हा फुटतात, आमचेही फुटले. पण पुढच्या उन्हाळ्यात गल्ली उघडी पडली. अण्णांच्या टप्प्यावर सलग लिंब कधीच नव्हते. लिंब, चिंच, करंज, मध्येच वड. मी समजत होते की जमीन बदलते म्हणून ते झाड बदलतात. रोगाची वाट अडते, हेही त्यांना कळत होतं की नाही, ते विचारायला आता ते नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराने हेच मोठ्या कोरड्या सालांनंतर ओळखलं. त्यांच्या २०१२च्या नगरवन धोरणात नियम आहे: एका जातीची झाडं शंभरात पाचांहून जास्त नकोत, एका प्रजातीची दहांहून जास्त नकोत, एका कुळाची वीसांहून जास्त नकोत. परंड्यासारख्या गावाला एवढी काटेकोर मोजणी नको. पण एका गल्लीत निदान पाच तऱ्हेची झाडं असावीत, एवढं तर कुठल्याही नगरपालिकेला जमेल. रुंद रस्ता आणि खोल माती असेल तिथे चिंच, वावळा, शिरीष. विजेच्या तारांखाली भोकर, आपटा, बहावा. पाणी साचतं तिथे करंज, अर्जुन. मुरमाड उघड्या जागी लिंब, बोर, हिवर. वड-पिंपळाला मैदान, चौक किंवा तळ्याचा काठ द्या, घराच्या भिंतीपासून लांब. बहावा वैशाखात फुलतो आणि सावली बेताची देतो, म्हणून त्याच्या भरवशावर बसस्थानक सोडू नका.

२०१६ ते २०१९ राज्यात लागवडीच्या मोहिमा झाल्या. २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी, असे आकडे चढत गेले. आकड्यांना माझा विरोध नाही. झाडं लावायला मंत्र्यापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे बाहेर पडले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला खटकतं ते एवढंच की आकडा खड्ड्यांचा सांगितला जातो, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उरलेल्या झाडांचा नाही. त्याच काळात ठिकठिकाणच्या शहरांच्या दुभाजकांवर कोनोकार्पस आला. सदा हिरवा, छाटला तसा वाढणारा, गुरं तोंड न लावणारा. पुन्हा तोच गुण! त्याची मुळं नळांत आणि गटारांत शिरतात, परागांचा त्रास होतो, अशा तक्रारी वाढल्या, आणि २०२३मध्ये गुजरातच्या वनविभागाने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे १९७५चा नागरी झाडांच्या जतनाचा कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून मान दिला आहे. हे चांगलं झालं. पण तो कायदा शहरांपुरता आहे, आणि अण्णांचा टप्पा गावाबाहेरच्या रस्त्यावर.

तो रस्ता रुंद झाला. बहुतेक झाडं गेली. करवत चालू असताना मी एकदा उभी राहिले, नंतर गेले नाही. रस्ता नको होता असं मी म्हणणार नाही. बार्शीच्या दवाखान्यात वेळेत पोचलेली माणसं माझ्या घरातही आहेत. मात्र पूर्वी रस्त्याबरोबर झाडाला पाणी घालणारा माणूसही नेमलेला असायचा. आता रोपं लावण्याचं काम निघतं, मैलकुली निघत नाही. माझी मागणी साधी आहे: जिथे शंभर रोपांचे पैसे आहेत तिथे वीस रोपं लावा आणि उरलेल्या पैशात तीन वर्षं एक माणूस ठेवा. तो माणूस त्याच गल्लीतला, त्याच वाडीतला असू द्या. झाडाचं नाव कागदावर येण्याआधी त्याला विचारा.

आणि तुम्ही वाचणारे. खड्डे वैशाखातच खणा, माती उन्हात तापू द्या. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पडतात, त्या वाळवून डब्यात ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांत उगवण्याची ताकद जाते, ओल्याच पेरा. चिंचोका मात्र टिकतो. तो पेरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. गाठीतल्या आकड्याची ती चिंच अजून उभी आहे, तिला चिंचा लागतात. फाल्गुनात मी तिच्याखालचे चिंचोके वेचून ठेवते. परंड्यात कुणालाही मैलकुलीच्या मुलीचं घर विचारा. ओंजळभर मिळतील.